नोंदवहीत नसलेला रकाना

जुन्या तंबोऱ्याची वस्तुसंग्रहालयातील नोंद बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेली असते: तंबोरा, मिरज, लाकूड व भोपळा, एकोणिसावे शतक, अमुक घराण्याकडून भेट. ही ओळ चुकीची नसते, पण ती वाचून त्या वस्तूवर पुढे काही काम करता येईल असेही तिच्यात फारसे नसते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील लहान संग्रहांच्या याद्या करण्याच्या कामात मी काही वर्षांपासून हातभार लावते आहे. माझे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे असल्यामुळे घराण्याच्या नावाआधी माझी नजर ‘लाकूड’ या शब्दावर जाऊन थांबते. कोणते लाकूड, कोणत्या रानातले, कोणी तोडलेले, किती वर्षे वाळवलेले, हे विचारायला नोंदवहीत रकानाच नसतो. इतिहासाच्या अभ्यासकाला तो आपला विषय वाटत नाही आणि निसर्गाच्या अभ्यासकाला तंबोरा आपला वाटत नाही, त्यामुळे प्रश्न दोघांच्या मध्ये तसाच पडून राहतो.

तंबोरा पालथा करून सुती कापडावर ठेवला की पॉलिश उडालेल्या जागी भोपळ्याची मूळ साल दिसते. हा कडू भोपळा, शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरारिया, म्हणजे आपल्या दुध्याच्याच जातीचा. मिरजेच्या वाद्यांसाठी तो प्रामुख्याने पंढरपूर-मंगळवेढे भागातून, भीमेच्या काठच्या शेतांतून येतो. वेलावर पूर्ण पिकू दिलेला, उन्हात महिनोन्‌महिने वाळवलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात आणि मगच कापतात. शेतात तो ज्या अंगावर टेकून वाढला ते अंग किंचित चपटे राहते, आणि हात फिरवला की जुन्या वाद्यावरही ते कळते. सालीची जाडी सगळीकडे सारखी नसते. त्या जाडीवर वाद्याची आस, म्हणजे नादाचे लांबत राहणे, अवलंबून असते, म्हणून कारागीर भोपळ्यांच्या ढिगातून एकेक उचलून टिचकी मारून निवडतो. हा भोपळा मूळचा आफ्रिकेतला आणि माणसाच्या सर्वांत जुन्या लागवडीच्या वेलींपैकी एक. तेव्हा मिरजेतील एका घरच्या तंबोऱ्यात एका आफ्रिकी वेलीचा हजारो वर्षांचा प्रवास, भीमाकाठच्या शेतकऱ्याने राखलेले बियाणे आणि मिरजेच्या कारागिराचा कान अशा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. नोंदीत यातले काहीही नाही.

तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली फळी, आणि दांडी तुणीच्या झाडाची असते. तुणीचे लाकूड तांबूस, वजनाला हलके, थोडे सुगंधी आणि वाळवीला सहजी न बधणारे असते. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला त्यात मोठी छिद्रे आणि शेवटी बारीक छिद्रे तयार होतात, त्यामुळे वर्षागणिक पडलेली वलये साध्या भिंगातूनही ओळखू येतात. मग घोडी, म्हणजे तबलीवरचा, तारा ज्यावरून जातात तो ठोकळा. जुन्या वाद्यांत ती सांबरशिंगाची, हाडाची, क्वचित हस्तिदंताची असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनंतर शिंग आणि हस्तिदंत बाजारातून गेले, उंटाचे हाड, आबनूस आणि कृत्रिम पदार्थ आले. म्हणजे घोडी कशाची आहे हे ओळखता आले तर वाद्याच्या आयुष्यातला एक काळ सांगता येतो. येथे एक सावधगिरी हवी. घोडी झिजते, जव्हारी, म्हणजे नाद खुलावा म्हणून घासून दिलेला घोडीचा माथा, पुन्हा पुन्हा काढावी लागते आणि शेवटी ती बदलली जाते, म्हणून घोडीवरून कळतो तो बहुधा दुरुस्तीचा काळ, वाद्य घडवल्याचा काळ नव्हे. ज्याला सांबरशिंग आणि हाड यांतला फरक कळतो त्याला हे माहीत नसेल, आणि ज्याला जव्हारी कळते त्याला शिंगाची अंतर्रचना माहीत नसेल. दोघांनी एकाच टेबलाशी बसल्याशिवाय हे वाक्य नोंदीत लिहिता येत नाही.

ओळखण्याच्या पद्धतींत जादू काही नाही. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसतात, त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. हाडात त्या नसतात, हाडात रक्तवाहिन्यांचे बारीक ठिपके आणि चिरा दिसतात. शिंगाच्या गाभ्यात स्पंजासारखा सच्छिद्र भाग असतो. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकला जुनेपणी कापराचा वास येतो. पूर्वी काही ठिकाणी तापवलेली सुई टोचून परीक्षा करत. तसे करू नये, कारण वस्तूवर कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड असेल तर ते पेट घेते. आता हाडा-शिंगातील प्रथिनांच्या तुकड्यांवरून प्राण्याचा वंश ओळखण्याची पद्धत रुळली आहे आणि तिला लागणारा नमुना डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच असतो. तरीही साधे भिंग, बाजूने पाडलेला उजेड आणि ज्ञात नमुन्यांशी तुलना यांवर निम्म्याहून अधिक काम होते, असा माझा अनुभव आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवायला घेतली आणि पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर हेच आडनाव लावले, ही कथा आता सगळीकडे सांगितली जाते आणि सांगितली जावी. परंतु मानांकन एका गावाचे असले तरी त्या वस्तूचे अंग दुसऱ्या जिल्ह्यातल्या नदीकाठचे आणि हाड तिसऱ्याच रानातले असते, ही गोष्ट संग्रहालयाने सांगायची आहे. भीमेचे पाणी, पिकांची निवड, उसाचे क्षेत्र यांत बदल झाला तर भोपळा बदलणार, आणि त्या बदलाची तुलना करायला जुने भोपळे कुठे मिळणार? संग्रहालयांत, तंबोऱ्यांच्या रूपाने.

निसर्ग आणि संस्कृती यांची ही ताटातूट पूर्वीपासूनची नाही. ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये १८०१ मध्ये सुरू केलेल्या संग्रहालयात हिंदुस्थानातून गेलेले पक्षी, धान्ये, कापडे, शस्त्रे, हस्तलिखिते आणि मूर्ती एकाच छपराखाली होत्या. १८७९ मध्ये ते मोडले. प्राणी ब्रिटिश म्युझियमकडे गेले, वनस्पती लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाकडे आणि कलावस्तू साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे. एकाच मुलखातून गेलेल्या वस्तू तीन दारांतून आत गेल्या, आणि त्यांच्याबरोबरचे कागदही वाटले गेले.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हा माणूस आपल्या मुलखात फिरला. पिके, लोकसंख्या, पाऊस, वेरूळची लेणी यांबरोबर पशू-पक्षी-मासेही त्याने नोंदले आणि १८३१-३२ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची व पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. माण-खटावच्या माळावर आजही धनगरांच्या कळपांमागे फिरणारा लांडगा शास्त्रात ज्या नावाने ओळखला जातो, त्यातले पॅलिपेस हे नाव साइक्सचे. त्याच्या सूचीत प्राण्याच्या लॅटिन नावासोबत मराठ्यांमध्ये त्याला काय म्हणतात हेही दिलेले आहे. रानकुत्र्यापुढे कोळसून, लांडग्यापुढे लांडगा. माशांच्या बाबतीत तर त्याने खुद्री, कोलस ही स्थानिक नावेच लॅटिन नावांत घेतली, आणि टॉर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोलस या नावांनी ते मासे आजही ओळखले जातात. ही नावे त्याला दख्खनच्या नद्यांवर जाळे टाकणाऱ्या माणसांनी सांगितली असणार. त्या माणसांचे नाव कुठेही नाही. प्राणिशास्त्राच्या त्या सूचीत मराठी समाजाचा एक दस्तऐवज दडलेला आहे, पण कंपनी सरकारचा इतिहास लिहिणारे ती सूची क्वचितच उघडतात.

आता नेमका उलट बाजूचा नमुना. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर आणि आसपासच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळांवर, पावसाच्या पहिल्या झडीनंतर वायतुरा उगवतो. जांभ्यावर साचलेल्या उथळ पाण्यात, कंदातून वर येणारी लांबट पाने आणि दोन फाट्यांचा तुरा. १९८२ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा तिला साताऱ्याचे नाव मिळाले: अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

पाण्यातली अशी वनस्पती दाबून जतन करणे हे नाजूक काम आहे. पाण्याबाहेर काढली की पाने एकमेकांना चिकटतात, म्हणून पसरट ट्रेमध्ये पाणी घेऊन तिला तरंगू द्यायचे, खालून जाड कागद सरकवायचा आणि कागद तिरका करून हळूहळू वर उचलायचा, म्हणजे पाने आपसूक पसरलेली कागदावर येतात. मग टिपकागद, वर्तमानपत्रे, लाकडी दाब, आणि पावसाळी हवेत बुरशी धरू नये म्हणून रोज कागद बदलणे. वाळलेल्या नमुन्याच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लागते: ठिकाण, तारीख, उंची, जमीन, फुलांचा रंग, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक. ही चिठ्ठी नसेल तर उत्तम वाळवलेल्या रोपालाही संशोधनात किंमत नाही. ती असेल तर नमुन्याचा उपयोग गोळा करणाऱ्याच्या कल्पनेपलीकडे जातो. १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी जुन्या वनस्पतिसंग्रहातील झाडांची पाने तपासली आणि सुमारे २०० वर्षांत पानांवरील श्वसनछिद्रांची घनता ४० टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्याचा तो पुरावा होता. ज्यांनी ती पाने खुडली त्यांनी हवेचा अभ्यास कधी योजलाही नव्हता.

तरी या चिठ्ठीतही एक रकाना नाही. गोळा करणाऱ्याला त्या सड्यावर कोणी नेले? कंद खातात का, जनावरे खातात का, गावात त्याला काय म्हणतात, त्या जागेला काय म्हणतात? सड्यावरच्या पाण्याच्या प्रत्येक खोलगटीला गुराख्याचे एक नाव असते आणि नकाशात ते येत नाही. जुन्या गठ्ठ्यांत तर न चिकटवलेली रोपे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तशीच ठेवलेली सापडतात. रोप काढून नवीन कागदावर लावले की वर्तमानपत्र रद्दीत टाकण्याची पद्धत आहे. अशाच एका गठ्ठ्यातल्या स्थानिक पत्रात धरणाची पाणीपातळी, बाजार समितीचे शेंगांचे भाव आणि लांबलेल्या पावसाची बातमी होती. रोप लवकर फुलले की उशिरा, हे समजून घ्यायला त्या बातमीइतकी उपयोगी दुसरी नोंद कोणती असेल? निदान छायाचित्र काढून रोपाच्या क्रमांकाशी ते जोडून ठेवावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

चाळकेवाडीच्या पठाराविषयी येथे थोडक्यात. पवनचक्क्यांच्या त्या पठारावरचा निळ्या-केशरी गळपोळीचा सरडा २०१६ मध्ये सारडा सुपर्बा या नावाने स्वतंत्र जाती म्हणून नोंदला गेला. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाल्याने सरड्यांची संख्या वाढल्याचे आणि त्यांचे वागणेही बदलल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या हाही आता आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे. पन्नास वर्षांनी त्यांतली एखादी संग्रहालयाच्या आवारात उभी राहील तेव्हा तिच्या पाटीवर या सरड्याचे नाव असावे.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो जुन्या वाड्यांच्या लाकडापाशी. वाई, सातारा, मिरज, तासगाव, कुठेही पाहा. वाडा उतरवला की तुळया, खांब, कडीपाट, दारांच्या चौकटी ट्रकमध्ये भरून जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि तिथे चिरून त्यांचे फर्निचर होते. सागवानाला वर्षवलये पडतात आणि त्यांच्या रुंदीवरून त्या त्या वर्षीचा पाऊस अजमावता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागवानाच्या वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली आणि तिच्यात मोसमी पावसातील दुष्काळांच्या खुणा वाचल्या. सह्याद्रीतल्या जुन्या सागाची उभी झाडे आता किती उरली आहेत? उत्तर मोकळ्या रानात नाही, ते आपल्या माजघराच्या आढ्यात आहे. पण त्यासाठी तुळईची किमान नोंद हवी: वाडा कोणत्या गावचा, तुळई कोणत्या खणातली, बांधकामाचा लेख किंवा हिशेबाचा कागद आहे का, लाकूड कोठून आणल्याची घरात काही आठवण आहे का. बाहेरचे शेवटचे वलय तासून गेलेले असेल तर झाड कधी तोडले ते ठरत नाही, म्हणून सालीच्या बाजूचा तुकडा जपायला हवा. इतके केले तर वाड्याचा काळ ठरवायला वनस्पतिशास्त्र मदत करील आणि पावसाचा इतिहास ठरवायला वाड्याची कागदपत्रे. एकदा करवतीखाली गेलेली तुळई दोन्ही अभ्यासांतून कायमची जाते.

पोथ्या आणि पेंढा भरलेले प्राणी यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे विष. पोथीत चूक झाली की तीवर हरताळ लावून पुन्हा लिहीत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग, पिवळे, आणि किडीलाही ते दूर ठेवते. पोथीच्या बासनात वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल वाईसारख्या विद्येच्या गावात घरोघर होती. दुसरीकडे संस्थानिकांच्या शिकारखान्यातल्या वाघा-बिबट्यांच्या कातड्यांना आतून आर्सेनिकयुक्त साबण लावलेला असे, आणि वनस्पतिसंग्रहांतील जुन्या कागदांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड. अशा वस्तू उघड्या हाताने हाताळल्या जातात, शाळेच्या मुलांना वाघाच्या डोक्यावरून हात फिरवू दिला जातो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. हातमोजे, मास्क आणि पेटीवर स्पष्ट सूचना, एवढ्या गोष्टींना खर्च फार लागत नाही. वस्तूवर पूर्वी कोणते औषध मारले याची नोंद हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

सांगलीकरांना ओल वेगळी शिकवावी लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णा गावात आली, २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि घराघरांतली दप्तरे, फोटो, पोथ्या भिजल्या. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पानापानांत टिपकागद घालून, वारा देऊन, उन्हात न टाकता सुकवायचे हे तंत्र ग्रंथपालाला आणि वनस्पतिसंग्रह राखणाऱ्याला सारखेच लागते. वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक महाविद्यालयीन विभागात दाब, टिपकागद आणि ते वापरणारे हात आहेत. पुराच्या वेळी ते गावाच्या दप्तरांसाठी वापरता येतील, अशी तयारी आधीपासून करून ठेवता येईल.

सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयाविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मांची चित्रे आहेत, पहाडी लघुचित्रे आहेत, हेन्री मूर यांचे शिल्प आहे, चंदनातील आणि हस्तिदंतातील कोरीवकाम आहे. एका लहान संस्थानाच्या राजाने हे सारे यमाईच्या डोंगरावर, सामान्य माणसाला पाहता येईल असे आणून ठेवले, याचे मोल मला दर भेटीत अधिक कळते. हे दालन निसर्गाच्या अभ्यासकाने एकदा सावकाश फिरून पाहावे. तैलचित्राखालचा कॅनव्हास बहुधा लिननचा, म्हणजे जवसाच्याच रोपाच्या धाग्याचा, आणि रंगात मिसळलेले तेलही जवसाचेच. लघुचित्रांतले रंग खनिजांचे, लाखेचे, झाडांचे. चंदनाच्या कोरीवकामाचा वास टिकतो तो खोडाच्या गाभ्यातील तेलामुळे, आणि असा गाभा धरायला झाडाला अनेक वर्षे लागतात.

वस्तूचा उगम आणि तिची हातोहात झालेली वाटचाल हे सर्वांत अवघड प्रकरण. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली तेव्हा लोटलेली गर्दी पाहून माझेही डोळे भरून आले. ही वाघनखे साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाला मिळाली, आणि त्यांच्या पेटीवर ती महाराजांची असल्याचा मजकूर कोरलेला आहे. ती पेटी मात्र पुढे स्कॉटलंडमध्ये बनलेली आहे, आणि अफजलखानाच्या वेळची वाघनखे हीच, याची खात्री करता आलेली नाही असे ते संग्रहालय स्वतः सांगते. हे स्पष्ट सांगण्याने श्रद्धेला धक्का लागतो असे मला वाटत नाही. वनस्पतीच्या नमुन्यावर नंतर कोणी लिहिलेली चिठ्ठी आणि गोळा करतानाची चिठ्ठी यांत आम्ही जो फरक करतो, तोच येथे करायचा आहे. पोलादाचा घाट, मुठीची घडण, धातूतील अशुद्धी यांचा अभ्यास आणि कागदपत्रांचा अभ्यास एकत्र झाला तर पुढच्या पिढीला आपल्यापेक्षा अधिक काही सांगता येईल.

तुलनेसाठी ज्ञात नमुने लागतात, असे वर लिहिले. हे नमुने आपल्याकडे कोणी जमवत नाही आणि ते जमवायला मिरजेइतकी चांगली जागा नाही. सतारमेकर गल्लीतल्या कारखान्यांत रोज तुणीचे आणि शिसवीचे तुकडे, भोपळ्याच्या कापलेल्या कडा, बाद झालेल्या घोड्या केराच्या टोपलीत जातात. प्रत्येक प्रकारचा एक तुकडा, त्याच्याबरोबर तो भोपळा कोणत्या गावचा, कोणत्या साली आला, लाकूड कोणत्या वखारीतून घेतले, कोणी घडवले, एवढे विचारून लिहायचे आणि कागदी पाकिटात क्रमांक घालून ठेवायचे. कारागिराचे नाव त्याची परवानगी घेऊन चिठ्ठीत पहिल्या ओळीत यावे. बी.एस्सी.च्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांची एकेक जोडी करून येत्या दिवाळीनंतर हे काम सुरू करायचे ठरवले आहे. कारखानदारांपैकी काहींनी होकार दिला आहे, आणि पाकिटे ठेवायला कोरडे कपाट शोधणे चालू आहे.